उंचवटे खचतात तेव्हा

पुणे, ६ ऑगस्ट २०२३

आत्या,

नमस्कार. फोन सोडून पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. खोलीत माझ्यासोबत माझ्या गाईडचीच दुसरी विद्यार्थिनी राहते, आणि तुझ्याशी बोलायला लागले की माझा आवाज पार केमपर्यंत जातो. शिवाय तूच म्हणतेस, फोनवर मी "हो, जेवले, ठेवते" यापलीकडे जात नाही.

तर मला गाईड मिळाले. उदयसिंह सर. मूळचे सोलापूरचेच. पहिल्या दिवशी आडनाव विचारलं, गाव विचारलं. केम म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "कुंकवाचं गाव," आणि कामाला लागा म्हणाले.

विषय सांगते. एक पत्रा डोळ्यांपुढे आण. तो सारखा हलतोय, कुठे उंच, कुठे खोल. त्यावर ज्वारीचे दाणे टाकले. दाणा उतारानं खळग्याकडे निघतो. पण तो पोचेपर्यंत खळगा जागेवर नसतो, तिथं उंचवटा झालेला असतो. दाणा पुन्हा निघतो. मला वाटलं होतं, असं असेल तर दाणे जन्मभर विखुरलेलेच राहणार. तसं होत नाही. ते एकमेकांना ओढत नाहीत, ओळखतसुद्धा नाहीत, तरी गोळा होतात. ढीग होतो, मोडतो, दुसरीकडे होतो. कधीच कायमचा बसत नाही, आणि कधी पुरता नाहीसाही होत नाही. सरांचा यावरचा जुना पेपर जगभर वाचला जातो. आता त्यांना बघायचंय की पेशीच्या पातळ पापुद्र्यावर प्रथिनं अशीच गोळा होतात का. ते काम माझ्याकडे आहे.

तूही याच संस्थेत होतीस ना, आजोबा आजारी पडायच्या आधी? कधी बोलत नाहीस त्यावर.

तुझी अपेक्षा


सोलापूर, २० ऑगस्ट २०२३

चि. अपेक्षा,

खूप आशीर्वाद. तुझं अक्षर अजून दादासारखंच, तुझ्या पप्पांसारखंच आहे, उजवीकडे कलंडलेलं.

विषय चांगला आहे. उदयसिंह हे नाव ऐकून आहे. तेव्हा संस्थेत बरेच जण होते, सगळे कुठे लक्षात राहतात.

एक सांगते, मनावर घे. दुसऱ्यानं काढलेल्या आलेखावर आपला प्रबंध उभा करू नये. सरांचा तो गाजलेला पेपर पहिल्यापासून स्वतः करून बघ. पृष्ठभाग दोन तऱ्हांनी हलवता येतो. एका तऱ्हेत उंचवटे खचत जातात आणि सगळा पृष्ठभाग हळूहळू खाली येतो. दुसरीत खळगे भरत जातात आणि तो वर चढतो. दोन्ही कर. दाणे कुठे घट्ट गोळा होतात आणि कुठे सैल, ते मला कळव. सरांना एवढ्यात बोलू नकोस. आधी तुझी खात्री होऊ दे.

इथं ठीक. अकरावीच्या वर्गात एवढी पोरं कोंबलीत की फळ्यापर्यंत जायला वाट नाही. खाली बसव्वा कडक भाकरी विकते, तिच्याकडून भाकरी आणि शेंगाची चटणी पाठवतेय. चटणी खोलीतल्या मुलीलाही दे.

आत्या


पुणे, १५ नोव्हेंबर २०२३

आत्या,

तू सांगितलंस तसं केलं. उलटं आलं.

पेपरात सर म्हणतात, खळगे भरत जातात तेव्हा कण घट्ट गोळा होतात. माझ्याकडे उंचवटे खचतात तेव्हा होतात. मला वाटलं माझंच चुकलं. सगळा प्रोग्रॅम टाकून दिला, नव्यानं लिहिला. तेच.

मग मी शहाणपणा केला. गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर दाखवलं. सर हसले. "पृष्ठभाग लहान घेतलास, वेळ कमी दिलास. हे रडगाणं याआधीही दोघा-तिघांनी गायलंय," म्हणाले. सगळे हसले. संध्याकाळी केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा हसत नव्हते.

"हे करायला तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, सर."

"घरी कोण कोण असतं?"

मी आई-पप्पा सांगितले. का कोण जाणे, तुझं नाव घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेशीचं काम माझ्याकडून काढून अजिंक्यला दिलं. अजिंक्य करमाळ्याचा, माझ्याच बरोबर लागलेला, सरळ मुलगा आहे. तो बिचारा माझ्याकडे बघायला तयार नाही. मला सरांनी जुन्या फायली नीट लावायचं काम दिलंय.

काल तो पेपर पुन्हा घेतला आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. तिथं बारीक अक्षरात आभार असतात, तिथवर कुणी जात नाही. "मजकूर टाइप करून दिल्याबद्दल कु. विजयमाला यांचे आभार."

आत्या, तू तिथं टायपिंग करायला गेली होतीस का? खरं काय ते लिही. नाहीतर लिहू नकोस.

अपेक्षा


सोलापूर, २३ नोव्हेंबर २०२३

अपेक्षा,

मी टायपिंगला गेले नव्हते. तो पेपर माझा आहे.

प्रश्न आमच्या गाईडनी दिला होता. ते आता हयात नाहीत. प्रोग्रॅम मी लिहिला. आलेख मी काढले. उंचवटे खचताना आणि खळगे भरताना दाणे निराळे वागतात, हे पहिल्यांदा मला दिसलं. त्या दिवशी मी आनंदानं संस्थेच्या आवारात चपला हातात घेऊन गवतावरून चालले होते.

उदयसिंह मला सीनियर. तिथं आम्ही दोघंच सोलापूरकडचे, त्यामुळे जवळचा वाटायचा. मग तुझ्या आजोबांना अर्धांगवायू झाला. दादा नोकरीवर बाहेरगावी होता, आईला एकटीला आबांना उचलणं झेपत नव्हतं. मी केमला गेले. जाताना सगळं उदयसिंहकडे दिलं. म्हटलं, गाईडना दाखव, मी आले की लिहू. आबा गेले, दिवस झाले, मी परत आले, तर छापून आला होता. त्याचं नाव आणि गाईडचं.

तो कॅन्टीनमध्ये चहा पीत होता. मी विचारलं.

"तू परत येशील असं कुणालाच वाटलं नाही," म्हणाला. "आणि तुझं नाव आहे की शेवटी."

गाईडकडे गेले. ते म्हणाले, "आधी घरचं बघ. विज्ञान कुणासाठी थांबत नाही." मी सामान बांधलं. घरी सांगितलं, जमलं नाही. दादा अजून मला ते ऐकवतो.

आता दिशेचं. माझ्या प्रोग्रॅममध्ये पृष्ठभाग कुठे जाणार हे एका आकड्यावर ठरायचं. एक लिहिलं की उंचवटे खचायचे, शून्य लिहिलं की खळगे भरायचे. चोरताना त्याचं हे विचारायचं राहून गेलं. त्याला वाटलं, एक म्हणजे चढणं. पुढे ज्यांचं उत्तर जुळलं नाही त्यांना त्यानं सांगितलं, तुमचा पृष्ठभाग लहान. त्याच्या नावापुढे लोक गप्प बसले.

मला ती चूक पहिल्या वाचनातच दिसली होती. मी कुणाला बोलले नाही. म्हटलं, उभा राहू दे त्याला त्यावर. जितका वर जाईल तितकं बरं. तेव्हापासून मी त्याचं नाव शोधत असते. कुठे भाषण झालं, कुठे पुरस्कार मिळाला. लोक सकाळी देवाचं नाव घेतात, तसं. मी त्याला माफ केलेलं नाही आणि करायचंही नाही.

जानेवारीत इथं त्याचा नागरी सत्कार आहे. सोलापूरचा सुपुत्र म्हणून. मी जाणार आहे.

आत्या


पुणे, ४ डिसेंबर २०२३

आत्या,

पत्र ग्रंथालयामागच्या बाकावर बसून वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझ्यासाठी रडू आलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तुझा राग आला.

ऑगस्टमध्ये माझं पत्र मिळालं तेव्हा तू एका ओळीत लिहू शकली असतीस, की बाई, या माणसाकडे राहू नकोस. तेव्हा बंगळुरूच्या संस्थेतली जागा माझ्यासाठी अजून मोकळी होती. तू लिहिलं नाहीस. उलट दोन्ही दिशा करून बघ म्हणालीस, सरांना बोलू नकोस म्हणालीस. मी तिथं असणं तुला हवं होतं. त्याच्या घरात आपलं माणूस. हे खोटं असेल तर तसं लिही, मी माफी मागेन.

सत्काराला जाऊ नकोस. तू तिथं उभी राहिलीस तर बिल माझ्या नावावर फाटेल. तो तुला काही करू शकत नाही, तुझी नोकरी वेगळी. मी रोज सकाळी त्याच्या दारातून आत जाते.

मला राग नाही असं समजू नकोस. माझ्या आत्याला त्यानं टायपिस्ट केलं. पण मला घाईनं काही करायचं नाही.

अपेक्षा


सोलापूर, २१ जानेवारी २०२४

अपेक्षा,

खोटं नाही. तू लिहिलंस तसंच आहे.

आणि मी सत्काराला गेले.

सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा संपत आली होती, रस्त्यांवर अजून पाळणे आणि धूळ. सभागृह भरलं होतं. शाळांची पोरं आणून बसवली होती. फेटा, शाल, नारळ, मानपत्र. मग त्यानं भाषण केलं. पडद्यावर आलेख आला. माझाच. रंग तेवढे बदललेले. तो बोटानं दाखवत होता आणि पोरं टाळ्या वाजवत होती.

प्रश्न विचारा म्हणाले, तेव्हा मी हात वर केला.

"सर, खळगे भरताना कण घट्ट गोळा होतात असं आपण म्हणता," मी म्हटलं. "ते उलट आहे. उंचवटे खचताना होतात. आपण दिशेचा आकडा उलटा वाचलात."

त्यानं मला ओळखलं. फेट्याखाली कपाळ ओढल्यासारखं झालं, एवढंच. मग हसला.

"आमच्याकडे केमची एक मुलगी आहे, अपेक्षा नावाची. हुशार आहे, पण घाई फार. तिनं हे गणित चुकवलं, आणि दिसतंय की घरीही कळवलं." सभागृहाकडे वळून म्हणाला, "घरच्यांचं प्रेम आपण समजून घेऊ."

लोक हसले. एक पोरगा मागं वळून माझ्याकडे बघायला लागला. माझ्या हातातला माइक काढून घेतला.

बाहेर गाडीत बसायच्या आधी तो माझ्याजवळ आला. हार तसाच गळ्यात. हळू आवाजात म्हणाला, "विजू, तू टाइप सुरेख करायचीस. तेच करत राहायला हवं होतंस."

तू सांगितलं होतंस, बिल तुझ्या नावावर फाटेल. फाटलं. त्याबद्दल तू मला काय बोलायचं ते बोल. पण आता माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. शिकवताना, चालताना, भाकरी थापताना तेच. आता त्याला उभा ठेवायचा नाही.

आत्या


पुणे, १० मार्च २०२४

आत्या,

माझ्या वार्षिक अहवालावर सरांनी "असमाधानकारक" लिहिलंय. पुढच्या वेळीही तेच लिहिलं की फेलोशिप बंद. समितीत कुणी तोंड उघडलं नाही.

संस्थेनं घरी कळवलं, म्हणून पप्पा आले होते. केमहून सकाळची गाडी धरून, डब्यात आईचं धपाटं घेऊन. आवारातल्या झाडाखाली बसलो.

"तुज्या आत्यानं बी अर्धवट सोडलं," म्हणाले. "तू बी सोडनार हायस का?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. तुझी परवानगी घेतली नाही. ते ऐकत राहिले. मध्येच टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आबाला उचलाय ती आली, तवा झालं व्हय हे?"

"हो."

"मी येक डाव बी सुट्टी काढून आलो न्हाई," म्हणाले. "आन् तिला टोमणं मारत आलो. मला कुनी सांगितलंच न्हाय की."

जाताना धपाट्याचा डबा तसाच राहिला. ते तुला फोन करतील असं वाटत नाही. त्यांना बोलता येणार नाही. पण तू दिवाळीला केमला ये.

मी आता शांत आहे. मान खाली घालून प्रबंध लिहिते आणि मोकळी होते. तू काही करू नकोस. फक्त दोन गोष्टी हव्या होत्या, प्रबंधासाठी. एका जागी दोन दाणे आले तर आधी कुणाला हलवायचं, हे तू कसं ठरवायचीस? आणि पृष्ठभाग आणि दाणे यांच्या वेगाचं प्रमाण काय ठेवलं होतंस?

अपेक्षा


सोलापूर, २ मे २०२४

चि. अपेक्षा,

आधी तुझी उत्तरं, उशीर झाला. दोन दाणे एका जागी आले तर मी चिठ्ठी टाकल्यासारखं कुणालाही उचलायची, पहिला-दुसरा असं काही नाही. वेग दोघांचा सारखा.

आता दुसरं. काल उदयसिंह माझ्या घरी आला होता.

पेशीवर प्रयोग करणाऱ्या डॉक्टरांना त्याचं उत्तर जुळत नाहीये. त्यांनी लेखी विचारलंय. तो घाबरलाय. खुर्चीच्या टोकावर बसला होता, घाम पुसत. सोलापूरचा मे महिना आहे, पण तो घाम उन्हाचा नव्हता. मी त्याला चहा दिला. कपात थुंकावंसं वाटलं, थुंकले नाही.

तो म्हणाला, "जर्नलला एक दुरुस्ती पाठवू. दिशांची नावं छापताना उलटसुलट झाली, एवढंच. तुझं नाव सहलेखिका म्हणून घालतो. तुला हेच हवं होतं ना?"

"आणि अपेक्षा?" मी विचारलं.

"तिचा अहवाल मी बदलतो. प्रबंधही वेळेत होईल. शब्द देतो."

मी सही केली, अपेक्षा. छपाईची चूक म्हणून. जर्नलच्या फॉर्मवर, माझ्या हातानं. त्यानं माझी सही दोनदा तपासली ते मी बघितलं आणि मला बरं वाटलं, पण मला जे हवं होतं ते यात नाही. मला त्याला भर सभेत नागडा झालेला बघायचं होतं. तेवढं सोडलं. तुला मी एकदा त्याच्या दारात ठेवलं, आता बाहेर काढते. प्रबंध दे, पदवी घे, मग त्याचं नावसुद्धा घेऊ नकोस.

आत्या


पुणे, २ मे २०२४

आत्या,

मी तुला खोटं लिहिलं होतं. प्रबंध लिहीत नव्हते.

गेले काही महिने जुन्या फायली लावता लावता मी दोन्ही दिशांचं काम पुन्हा केलं. मोठे पृष्ठभाग, लांब वेळ, जेवढं संस्थेचं यंत्र देईल तेवढं. तुझी उत्तरं आली नाहीत, म्हणून दाणे सगळ्या तऱ्हांनी हलवून बघितले. कुठेही फरक पडत नाही. उंचवटे खचतात तेव्हाच ते घट्ट गोळा होतात. सरांना पळवाट उरली नाही.

लेख आज पाठवला. छपाईचा विषयच नाही, काम कुणाचं आणि चूक कुणाची, दोन्ही स्पष्ट लिहिलंय. पहिलं नाव तुझं, दुसरं माझं. तुला आता जर्नलची मेल येईल, तुम्ही या लेखाच्या लेखिका आहात का म्हणून. "होय" म्हण.

संस्था सोडली. राजीनामा सरांच्या हातात दिला. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "फार पुढचा विचार करून ठेवलाय मी तुझ्यासाठी, थोडं थांब." मला कळलं नाही कशाबद्दल बोलत होते. मी म्हटलं, "सर, तुम्ही माझं नाव सोलापूरच्या स्टेजवरून घेतलंत. आता जर्नलमध्ये वाचा."

त्यांचा चेहरा तुला दाखवायला हवा होता.

ट्रंक घेऊन उद्या केमला जाते. पदवी गेली. जाऊ दे. तुझ्यासाठी केलं असं समजून रडत बसू नकोस. मला तो माणूस आवडतच नव्हता.

अपेक्षा


सोलापूर, ९ मे २०२४

अपेक्षा,

तुझं पत्र आलं तेव्हा माझं तुझ्या संस्थेच्या पत्त्यावर निघून गेलेलं होतं. ते फिरून केमला येईल. वाच, आणि मग माझ्यावर चिडायचं तर चिड. मी तुझ्या पदवीसाठी त्याच्याशी सौदा केला, आणि दुसऱ्याच दिवशी तू ती पदवी त्याच्या टेबलावर ठेवून आलीस.

जर्नलच्या दोन मेल एका दिवसाच्या अंतरानं आल्या. एकीत मी त्याच्याबरोबर म्हणतेय की छपाई चुकली. दुसरीत तुझ्याबरोबर म्हणतेय की काम चोरलं आणि चुकीचं समजून छापलं. दोन्हीखाली माझं नाव. त्याला हे कळलं असतं तर त्यानं हसून सांगितलं असतं, बघा, या बाईला स्वतःलाच माहीत नाही.

मी कॉलेजला रजा टाकली आणि बसले. तुझ्या मेलला "होय" लिहिलं. त्याच्या मेलला लिहिलं, की ही सही माझ्या भाचीच्या पदवीच्या बदल्यात घेतली आणि मी दिली. छपाई चुकलेली नाही. प्रोग्रॅम माझा, आकड्याचा अर्थ त्याला माहीत नव्हता. मी खोट्या मजकुरावर सही केली, हे मला मान्य आहे, त्याबद्दल मला जे विचारायचं ते विचारा. हेच संस्थेच्या संचालकांना पाठवलं, त्या डॉक्टरांना पाठवलं, आणि सत्कार समितीच्या अध्यक्षांनाही. त्यांना पाठवायची गरज नव्हती. तिथं टाळ्या वाजल्या होत्या, म्हणून पाठवलं.

आज प्राचार्यांनी बोलावलं. म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतःच लिहून दिलंत की खोटी सही केली. आता मी काय करू?" मी म्हटलं, "नियमात असेल ते करा."

मला भीती वाटत नाही. फार वर्षांनी भूक लागलीय, दोन भाकरी खाल्ल्या.

दादाला नमस्कार सांग.

आत्या


केम, १७ नोव्हेंबर २०२४

आत्या,

दिवाळीला तू आलीस आणि पप्पांनी तुला काही न बोलता नुसती साडी आणून दिली, त्यावर आई अजून हसतेय. "बोलायचं हुतं, पर जिभंवर येईना," असं त्यांनी मला तू गेल्यावर सांगितलं.

निकाल लागला. जर्नलनं जुना पेपर मागे घेतला. आपला लेख छापला. चौकशी समितीनं सरांना गटप्रमुख पदावरून काढलं, नवे विद्यार्थी घ्यायला बंदी केली. ते दीर्घ रजेवर गेले आहेत, म्हणजे परत येणार नाहीत असं सगळे म्हणतात. तुझ्यावर ठपका आहे, सहीबद्दल. एक ओळ. मला ती ओळ वाचून खूप राग आला, पण तू म्हणशील बरोबर आहे.

मला कोलकात्याला जागा मिळाली. जानेवारीत जायचं. पहिल्यापासून सुरुवात.

पण एक सांगायचं राहिलं. परवा अजिंक्यचा फोन आला. पेशीचं सगळं काम त्या पेपरवर उभं होतं, ते बंद झालं. त्याला दुसरा गाईड कुणी घेत नाही, सरांचा माणूस म्हणून. करमाळ्याला घरी बसलाय. मला म्हणाला, "तुमचं झालं. माझं काय?" शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तुला समाधान वाटतंय का? खरं सांग.

अपेक्षा


सोलापूर, ८ डिसेंबर २०२४

चि. अपेक्षा,

हो, वाटतंय. सूडानं काही मिळत नाही म्हणतात. मला मिळालं. झोप लागते.

अजिंक्यचा नंबर पाठव. माझ्या बोलण्यानं त्याचं भलं होईल असं नाही, पण शिव्या द्यायच्या असतील तर त्यानं मला द्याव्यात, तुला नको.

काल उदयसिंहची आई आली होती. सोजरबाई. इथंच दाजी पेठेत राहते. काठी टेकत माझा जिना चढून आली. मी खुर्ची दिली, पंखा लावला, पाणी दिलं. तिनं तांब्या हातातच धरून ठेवला.

"बाई, तुमी लई शिकल्याल्या," म्हणाली. "मला त्यातलं काय कळत न्हाय. तुमी येक कागूद लिवून दिला, की माजं चुकलं, तर त्याला पुन्ना घेत्याल म्हनं."

"त्यानं पाठवलं का तुम्हाला?"

"न्हाय. त्याला म्हाईत न्हाय. घरात बसून हाय. जेवत न्हाय, कुनाशी बोलत न्हाय. भिताडाकडं तोंड करून झोपतंय."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं.

"माज्या लेकानं खरंच चोरलं का?"

मला खोटं बोलता आलं असतं. म्हातारी आहे, किती दिवसांची सोबती. पण मी म्हटलं, "व्हय."

तिनं तांब्या न पिताच खाली ठेवला. डोळ्यांना पदर लावला नाही. मग विचारलं, "मंग बी न्हाय देनार?"

"न्हाय," मी म्हटलं.

मला वाटलं होतं तिच्यापुढे मी विरघळेन. तिचं वाईट वाटलं, फार वाटलं. पण लिहून द्यावंसं वाटलं नाही. तो भिंतीकडे तोंड करून झोपतो हे ऐकून मला आत कुठेतरी बरंही वाटत होतं, आणि ते माझ्या तोंडावर दिसू नये म्हणून मी खिडकीकडे बघत बसले.

ती उठली. जिना अंधारा आहे आणि एक पायरी फुटलेली आहे, म्हणून मी तिचा हात धरला. हात गार होता, हलका, चिमणीसारखा. एकेक पायरी करत खाली आणलं. तिनं सोडवून घेतला नाही. रिक्षा थांबवली, तिला आत बसवलं, काठी हातात दिली. "सावकाश जा, मावशी," म्हटलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत मी उभी होते. मग वर आले आणि पंखा बंद केला.

कोलकात्याला जायच्या आधी चार दिवस इकडे ये.

आत्या